दात आणि चाल

जोश गिब्सन माझ्याकडे आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. वरच्या मजल्यावरून बायकोने विचारलं, "अजून काय करतोयस खाली?" मी म्हणालो, "कॅचर मिळाला." त्यावर काही उत्तर आलं नाही, फक्त जिन्यातला दिवा बंद झाला.

मी पन्नाशीला टेकलेला माणूस. पिट्सबर्गमध्ये वीसेक वर्षं काढली, त्यातली पहिली दहा-बारा बेसबॉलशिवायच. क्रिकेटवर वाढलेल्याला हा खेळ आधी चिडवतो. हातात एवढा दांडा, पण लेट कट नाही, ग्लान्स नाही. दोन रेषांच्या बाहेर चेंडू गेला की फाउल. दहा वेळा फलंदाजीला येऊन तीनदा हिट मारणाऱ्याला इथे मोठा खेळाडू म्हणतात, हे ऐकून तर मी हसलोच होतो. लेकाने शिकवलं. तोही मैदानावर कमी आणि टीव्हीसमोर जास्त. 'एमएलबी द शो' नावाचा गेम आहे, सोनीचा सॅन दिएगो स्टुडिओ तो दरवर्षी काढतो. २०२४ च्या मार्चमध्ये त्या वर्षीचा आला, ऑगस्टमध्ये लेक कॉलेजला गेला आणि प्लेस्टेशन घरीच राहिलं. ते सोबत नेलं तर अभ्यास होणार नाही, हे त्याचं त्यालाच सुचलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. सप्टेंबरातल्या एका रविवारी धूळ पुसायला म्हणून मी त्याच्याजवळ गेलो, तो तिथेच बसलो.

या गेममध्ये डायमंड डायनॅस्टी नावाचा एक प्रकार आहे. खेळाडूंची कार्डं जमवायची, त्यांचा संघ बांधायचा, आणि जगात कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाच्या संघाशी खेळायचं. कार्डं आजच्या खेळाडूंची असतात, तशी केव्हाच जग सोडून गेलेल्यांचीही. आज्याने नातवाला बॉल टाकावा असा प्रकार इथे रोज चालतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक ठसठशीत आकडा असतो, त्याला ओव्हरऑल म्हणतात. पासष्टच्या खाली कॉमन, तिथून चौऱ्याहत्तरपर्यंत ब्राँझ, एकोणऐंशीपर्यंत सिल्व्हर, चौऱ्याऐंशीपर्यंत गोल्ड आणि पंच्याऐंशीपासून पुढे डायमंड. मी अर्थातच आधी तो आकडा बघूनच कार्डं घेत सुटलो. शाळेत असताना कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं होती आमच्याकडे, त्यात ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. तीच अक्कल इथे वापरली.

घ्यायची कुठून? एक वाट म्हणजे पाकिटं. ती फोडताना जो चकचकाट होतो तो लॉटरीच्या दुकानातलाच, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही. दुसरी वाट बाजाराची, आणि तिथे मात्र मी रमलो. गेममधल्या चलनाला स्टब्ज म्हणतात. प्रत्येक कार्डाला दोन भाव असतात: विकणारा मागतोय तो, आणि घेणारा देऊ करतोय तो. समजा एक कार्ड १२,००० ला विकायला आहे आणि घेणारे ९,००० वर अडून बसलेत. घाई असेल तर १२,००० मोजा. घाई नसेल तर ९,००१ ची मागणी लावून झोपी जा. सकाळी कुणीतरी कंटाळून कार्ड तुमच्या पदरात टाकलेलं असतं. मग तेच ११,९९९ ला विकायला काढायचं. विक्रीवर दहा टक्के कापून जातात, म्हणजे हातात येतात १०,७९९. फायदा १,७९८ स्टब्ज. चहासुद्धा येणार नाही त्यात, पण आनंद कुणाला सांगता येणार नाही असा. पहिल्याच आठवड्यात मी चुकीचं बटण दाबून एक चांगलं कार्ड विक्रीच्या भावाऐवजी खरेदीच्या भावाला देऊन टाकलं. लेकाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बाबा, सेल नाऊ कधीच दाबायचं नाही. कधीच." हे त्याने ज्या सुरात सांगितलं तो सूर आमच्या आप्पांचा होता.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. सांगली जिल्ह्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, खिलार बैलांसाठी लांबलांबून लोक येतात. आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा आप्पांबरोबर गेलो होतो. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत होते, तोंडाने अवाक्षर नाही. आप्पांनी बैलाचा जबडा उघडून दात मोजले. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशी वयाची पट्टी असते ती. मला वाटलं झालं काम. पण आप्पांनी मालकाला सांगितलं, आता जरा चालवून दाखव. आणि बैल चालू लागल्यावर ते त्याच्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते. पुढचा खूर जिथे पडला त्या ठशावर मागचा पडतोय का, एवढंच. परतीच्या वाटेवर म्हणाले, "दात सगळीच मोजत्यात. चाल बगणारा एखादाच."

गेममध्ये ओव्हरऑल म्हणजे दात. हे कळायला मला तीन महिने आणि बरेच स्टब्ज लागले. तो आकडा जागेप्रमाणे बनतो. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर; त्याच्या ओव्हरऑलमध्ये अडवणूक, हाताची ताकद, फेकीची अचूकता हे सगळं मिसळलेलं असतं. तुम्हाला हवा असतो बॅटने मारणारा आणि तुम्ही पैसे मोजता त्याच्या ग्लोव्हचे. म्हणून कार्ड उलटून आतले आकडे बघायचे. ते १२५ पर्यंत जातात. कॉन्टॅक्ट आणि पॉवर, आणि दोन्ही दोनदा दिलेले: उजव्या हाताच्या पिचरसमोर (म्हणजे गोलंदाजासमोर) वेगळे, डावखुऱ्यासमोर वेगळे. बहुतेक पिचर उजवे असतात, म्हणजे डावखुऱ्यासमोरचा डोळे दिपवणारा आकडा दर चार-पाच दिवसांनी एकदा उपयोगी पडणार. मग व्हिजन. बॅटने जिथे मारायचं ती जागा पडद्यावर एका छोट्या खिडकीसारख्या खुणेने दाखवतात, तिला पीसीआय म्हणतात. व्हिजन चांगली असेल तर ती खिडकी मोठी मिळते. नुसती पॉवर आणि व्हिजन नाही असा फलंदाज म्हणजे सुईच्या नेढ्यातून हत्ती घालायचा.

आणि एवढं सगळं वाचून झाल्यावरही एक गोष्ट कार्डावर कुठेच लिहिलेली नसते. स्विंग. प्रत्येक खेळाडूची उभं राहायची ढब आणि बॅट फिरवायची पद्धत गेममध्ये त्याची त्याची असते. कुणी पाय उंच उचलतो, कुणी बॅट डोक्यावर नाचवतो. आकडे सारखे असलेल्या दोन कार्डांपैकी एक तुमच्या अंगठ्याला लागतं आणि दुसरं जन्मात लागत नाही. जाणकार खेळणारे तासन्‌तास यावर वाद घालतात, आणि कमी आकड्याचं एखादं कार्ड "पण स्विंग काय आहे!" म्हणून वर्षभर संघात ठेवतात. त्याला आकडा नाही. चालवूनच बघावं लागतं.

आता गिब्सन. तो बाजारातून घेतला नाही. नीग्रो लीग्जच्या गोष्टी या गेममध्ये २०२३ पासून आहेत. काळ्या खेळाडूंना मेजर लीगचे, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलचे, दरवाजे बंद होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या, त्यांची ही आख्यानं. २०२४ च्या गेममध्ये गिब्सनची आली. सांगतात ते बॉब केंड्रिक, कॅन्सस सिटीतल्या नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमचे अध्यक्ष. हा माणूस कीर्तनकार व्हायचा तो चुकून म्युझियममध्ये गेला असावा. मधेच थांबतात, हसतात, आपल्यालाच काहीतरी आठवल्यासारखं करतात आणि मग मूळ गोष्टीवर येतात. एक प्रसंग ऐकायचा, मग त्यातला तुकडा आपण खेळायचा, मग पुढचा प्रसंग. आख्यान संपलं की कार्ड तुमचं.

गिब्सन आमच्या पिट्सबर्गचा. जन्म जॉर्जियातला, डिसेंबर १९११ चा. बापाला इथल्या पोलाद कारखान्यात काम मिळालं म्हणून कुटुंब इकडे आलं. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे त्याचे संघ. मनोन्गहेला नदीवरच्या ज्या पुलावरून मी बरीच वर्षं गाडी हाकतोय त्याचं नाव होमस्टेड ग्रेज ब्रिज आहे, आणि मला ते एखाद्या कुटुंबाचं आडनाव वाटायचं. २० जानेवारी १९४७ ला गिब्सन गेला, पस्तिसाव्या वर्षी. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगमध्ये ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि दरवाजा उघडला.

तर रात्री पावणेबाराला हे कार्ड उलटून मी आकडे वाचायला लागलो. पॉवरचा आकडा बघून हसूच आलं, इतका मोठा. कॅचर असून हे! मनात लगेच आप्पा. दात तर भरले, आता चाल बघू.

आणि तिथेच जीभ चावली. कुणाचे दात? ज्या जॉर्जियात हा जन्मला तिथे त्याच्या आधी दोन-तीन पिढ्या माणसं अशीच उभी करून, जबडे उघडून बघून विकली होती. आपली उपमा आपल्याला फार गोड वाटते, दुसऱ्याच्या अंगणात नेली की तिला काय चिकटलेलं असतं ते कळतं. आयपीएलच्या लिलावात हातोडा पडतो तेव्हा आपण चेष्टेने बाजार म्हणतो, खेळाडूंना कोट्यवधी मिळत असतात म्हणून ती चेष्टा चालून जाते. इथे नाही चालत. त्या रात्री मी पुढे न खेळता टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी अर्थात पुन्हा लावला.

पण एक प्रश्न राहिला. कार्डावरचा आकडा आणला कुठून? आजच्या खेळाडूचं ठीक आहे, त्याचा प्रत्येक फटका कॅमेऱ्यात आणि वहीत असतो. तो महिनाभर बरा खेळला की त्याच्या कार्डाचे आकडे वाढवतात, घसरला की कमी करतात. गिब्सनच्या वेळी बरेचसे सामने गावोगाव फिरून, मिळेल त्या संघाशी, मिळेल त्या मैदानावर व्हायचे. त्यांचे धावफलक कोण ठेवणार? बेसबॉलच्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये १९७२ साली त्याला घेतलं, तिथल्या पाटीवर जवळजवळ आठशे होमरन, म्हणजे आपले षटकारच, लिहिलेत. लीगच्या सामन्यांतले कागदोपत्री सापडलेले होमरन दोनशेच्याही आत आहेत. या दोन आकड्यांच्या मधे बसच्या प्रवासात आणि धुळीच्या मैदानांवर गेलेली सगळी कारकीर्द आहे.

गंमत अशी की ज्या वर्षी मला हे कार्ड मिळालं त्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, मेजर लीगने नीग्रो लीग्जची आकडेवारी आपल्या अधिकृत दप्तरात घेतली. एका दिवसात गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत, म्हणजे हिटच्या प्रमाणात, सगळ्यांच्या वर गेला: .३७२. आधी तिथे टाय कॉब होता, .३६७ वर. बेब रूथचे विक्रमही पडले. त्या दिवशी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दोघं भांडत होते. एक म्हणे, सामने किती कमी, ही तुलनाच नव्हे. दुसरा म्हणे, कमी कुणामुळे? मी ऐकत उभा राहिलो. दोघांचंही खरं होतं, पण दुसऱ्याचं जास्त.

या गावाला कार्डांचा तसा इतिहासच आहे. १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डं निघाली त्यात इथल्या पायरेट्स संघाचा होनस वॅग्नर होता. त्याने आपलं चित्र छापू दिलं नाही म्हणून ती थोडीच बाहेर पडली. त्यातलं एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. आणि आत्ताचं म्हणजे पॉल स्कीन्सचं. पायरेट्सचा हा पिचर मे २०२४ मध्ये पहिला सामना खेळला, त्या दिवशीच्या जर्सीवरची पट्टी बसवलेलं, त्याच्या सहीचं जगातलं एकच कार्ड. ते कॅलिफोर्नियातल्या एका ११ वर्षांच्या पोराच्या पाकिटात निघालं. क्लबने बदल्यात होम प्लेटमागच्या (फलंदाज उभा राहतो त्यामागच्या) जागांची ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कार्ड शेवटी मार्च २०२५ मध्ये लिलावात ११ लाख १० हजार डॉलरला विकलं गेलं. पायरेट्सचे ३० वर्षांचे सामने बघावे लागणार नाहीत याचीही काही किंमत त्यात धरली असावी, असं इथले लोक म्हणतात.

त्या कार्डांची किंमत ती एकच किंवा मोजकी आहेत म्हणून. माझ्या गिब्सनचं तसं नाही. ज्याने आख्यान पुरं केलं त्या प्रत्येकाकडे हाच गिब्सन आहे. मग माझ्याकडे आहे म्हणजे नेमकं काय आहे?

खरं सांगायचं तर काही नव्हतं. पहिल्या पन्नास पाळ्यांत मला त्याच्याकडून धड मारता आलं नाही. प्रत्येक फटक्यानंतर गेम तुमच्या वेळेचा निकाल सांगतो, आणि माझा निकाल ठरलेला: अर्ली, व्हेरी अर्ली. लेकाने रूममेटच्या एक्सबॉक्सवर 'पंचवीस', म्हणजे २०२५ चा गेम, घेतला होता, तो दर रविवारी विचारायचा, "बाबा, तू अजून चोवीसच खेळतोयस? सगळे पुढे गेले." दर वर्षी नवा गेम येतो तेव्हा जुनी कार्डं सोबत येत नाहीत, सगळ्यांनी पुन्हा शून्यापासून. माझा गिब्सन चोवीसमध्येच राहणार, आणि एक दिवस सर्व्हर बंद झाले की तिथूनही जाणार. "तुझा कॅचर बदल," लेक म्हणाला, "कमी ओव्हरऑलचे पण बरे आहेत." मी म्हटलं, बघतो.

बदलला नाही. मधल्या काळात अ‍ॅलेगेनी दफनभूमीत जाऊन आलो, लॉरेन्सव्हिलमध्ये आहे ती, आमच्या किराणाच्या वाटेवर नाही पण फार आडबाजूलाही नाही. जमिनीलगतचा सपाट दगड. १९७५ पर्यंत तोही नव्हता, म्हणजे हॉल ऑफ फेमची पाटी आधी लागली आणि थडग्यावरची नंतर. त्यावर नाव, दोन सालं आणि 'लेजंडरी बेसबॉल प्लेयर'. एकही आकडा नाही. कुणीतरी एक चेंडू ठेवला होता, पावसाने फुगलेला.

घरी येऊन मी त्याच्या कार्डावरची माझी नोंद उघडली. गेम सगळं लिहून ठेवतो. १८७ पाळ्या, सरासरी .२१४, होमरन ११, आउट होऊन परतल्याची प्रत्येक खेप. माझ्यासारख्या नवशिक्याने त्याच्या नावावर मारलेला प्रत्येक भिकार फटका वेगासकट नोंदलेला, आणि त्याने स्वतः मारलेले शेकडो कुठेच नाहीत. मी ते पान बराच वेळ बंदच केलं नाही.

गेल्या रविवारी लेक सुट्टीला घरी होता. सोफ्याच्या हातावर बसून माझा खेळ बघत होता आणि तोंड दाबून हसत होता. मग एकदम म्हणाला, "थांब. तू त्याचे पाय बघितलेस का?"

"पायांचं काय?"

"तो पाय उचलतच नाही. बाकीचे सगळे पाय उचलतात, तुला त्याची सवय आहे, म्हणून तू आधीच बटण दाबतोस. ह्याचं स्विंग छोटं आहे, बाबा. तुझ्याकडे टाइम आहे."

गिब्सनला बघितलेले लोक हेच सांगत आले आहेत, पाऊल जवळजवळ न उचलता, सपाट पायांवर उभा राहून मारायचा. केंड्रिकांकडूनही ऐकलं असणार मी. ऐकणं वेगळं. इतके दिवस मी त्याच्या हातांकडे बघत होतो. आप्पा जमिनीकडे बघायचे.

तिसरी इनिंग होती, आम्ही १–६ ने मागे, बेसवर कुणी नाही. कुणी लक्षात ठेवावा असा प्रसंग नव्हे. पहिला बॉल सोडला. दुसरा बाहेरून वाकत आला, तोही सोडला. तिसऱ्याला मी मनात एक शब्द म्हणण्याइतका जास्त थांबलो आणि बटण दाबलं. आवाजच वेगळा आला. बॉल सेंटर फील्डच्या दिशेने वर, आणखी वर, लेक उभा राहिला, आणि भिंतीला पाठ लावून समोरच्याच्या फील्डरने तो झेलला.

पडद्यावर निकाल आला: गुड.

"काय झालं रे, ओरडलात कशाला?" वरून बायको.

"आउट," मी म्हणालो, आणि पुढच्या सामन्यासाठी त्याला आठव्यावरून चौथ्या क्रमांकावर आणला.